सदोष कृतीचा आस्वाद : 'ब्रह्मचारी' (१९३८) या बोलपटाचा विचार

१

एखादी कलाकृती सदोष आहे हे ठाऊक असावे, तिचे दोष एकेक करून दाखविता यावेत, आणि तरीही ती पाहताना मन रमावे, हा अनुभव रसिकाला नवा नाही. अडचण होते ती समीक्षेची. दोष खरे मानले तर आनंद भाबडा ठरतो आणि आनंद खरा मानला तर दोषांची यादी निरर्थक होऊन बसते. या पेचातून सुटण्याचे दोन सोपे मार्ग नेहमी वापरले जातात. त्या काळाच्या मानाने कृती चांगली होती असे म्हणून दोषांवर पांघरूण घालणे हा एक, आणि ही केवळ करमणूक आहे असे म्हणून आनंदाचेच मोल कमी करणे हा दुसरा. दोन्ही मार्गांनी प्रत्यक्ष कृतीचा विचार करण्याचे काम तेवढे टळते. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला आणि प्र. के. अत्रे यांनी लिहिलेला 'ब्रह्मचारी' हा हंस पिक्चर्सचा १९३८ सालचा बोलपट या प्रश्नाच्या विवेचनास सोयीचा आहे. व्यायामाचे व ब्रह्मचर्याचे वेड हा त्याचा विषय आहे, थट्टा ही त्याची रीत आहे, आणि उथळपणा, ग्राम्यता व अश्लीलता हे त्याच्यावर सहज येऊ शकणारे आक्षेप आहेत.

नांदेड-लातूर भागातील अभ्यासकाला हा बोलपट आणखी एका कारणाने विचार करावयास लावतो. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या आणि लातूर येथे उपकेंद्र असलेल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव देण्यात आले ते स्वामी रामानंद तीर्थ आजन्म ब्रह्मचारी होते. ज्या वर्षी कोल्हापूरच्या चित्रसंस्थेने ब्रह्मचर्याची ही थट्टा पडद्यावर आणली, त्याच वर्षी स्वामीजी हैदराबाद संस्थानात सत्याग्रह करून तुरुंगात गेले. व्रताची थट्टा आणि व्रताचे आचरण या दोन गोष्टी एकाच वर्षी, एकाच भाषेच्या प्रदेशात घडाव्यात हा योगायोगच होय. पण तो समोर ठेवून 'ब्रह्मचारी' पाहिला म्हणजे आस्वादाचा प्रश्न मोघम राहत नाही. हसावे किंवा नाही, आणि हसावयाचे तर नेमके कशाला, असे त्याचे रूप होते.

२

बोलपटाचे कथानक चार वाक्यांत सांगता येते. औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण असून त्याला नटींची चित्रे जमविण्याची हौस आहे. देशभक्त जटाशंकर यांचे ब्रह्मचर्याची थोरवी गाणारे व्याख्यान त्याच्या कानी पडते आणि तो एकाएकी बदलतो : चित्रे फेकून देतो, व्यायामाला लागतो आणि आचार्य चंडीराम यांच्या संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी त्याच्या आयुष्यात येते. तिने पोहण्याच्या पोशाखात म्हटलेले जलक्रीडेचे गीत हा बोलपटाचा सर्वांत गाजलेला भाग असून त्या गीतासरशी औदुंबराचा निर्धार ढासळू लागतो. विनायकांचा औदुंबर, मीनाक्षी शिरोडकर यांची किशोरी आणि दादा चांदेकर यांचे संगीत यांमुळे हे चित्र मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले, आणि पुढे त्याची कथा रंगभूमीवरही आली.

व्रतभंगाची कथा मुळात जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वातील ऋष्यशृंगाची कथा सर्वपरिचित आहे. स्त्री म्हणजे काय हे ठाऊक नसलेला तो मुनिकुमार अंगदेशात आणला जातो आणि त्याच्या येण्याबरोबर अवर्षण संपून पाऊस पडतो. व्रतापासून ढळण्याचा संबंध तेथे सर्वनाशाशी जोडलेला नसून सुबत्तेशी जोडलेला आहे, ही गोष्ट पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखातील वाचकाच्या ध्यानी अधिक लवकर येईल. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या सुखात्मिकेतही एक राजा आणि त्याचे सोबती तीन वर्षे अभ्यास करण्याची व स्त्रियांपासून दूर राहण्याची शपथ घेतात आणि पहिली संधी येताच ती मोडतात. तेव्हा अत्र्यांनी कथाबीज नवे शोधले असे म्हणता येत नाही. नवा आहे तो त्या बीजाला मिळालेला काळाचा संदर्भ.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात शरीरसंवर्धनाची मोठी लाट आली होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरीरीने प्रचार चालविला होता. बलोपासना, ब्रह्मचर्य आणि राष्ट्रकार्य ही तिन्ही एकाच सूत्रात ओवली जात होती आणि गावोगावच्या व्याख्यानांतून त्या सूत्राचा पाठ चालला होता. अत्र्यांनी 'साष्टांग नमस्कार' (१९३३) या नाटकात नमस्काराच्या वेडाची टर उडविली होतीच. 'ब्रह्मचारी' हे त्याच थट्टेचे पुढचे पाऊल होय. आँरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वचिंतकाने हास्यावरील आपल्या १९०० सालच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, सजीव माणूस यंत्रासारखा वागू लागला म्हणजे तो हास्यास्पद होतो. व्यायाम हा तर स्वभावतःच आवृत्तीचा प्रकार आहे. त्याच त्या हालचाली, त्याच क्रमाने, मोजून करावयाच्या असतात. ही आवृत्ती शरीरापुरती राहिली तर ती साधना ठरते. मनालाही तीच यांत्रिकता जडली तर ती प्रहसनाचा विषय होते. औदुंबराच्या बाबतीत हेच घडले आहे. त्याने स्नायूंबरोबर स्वतःच्या इच्छांनाही कवाईत शिकविण्याचा घाट घातला आहे.

३

येथपर्यंतचे विवेचन पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला पुरेसे वाटेल. मराठवाड्यात ते अपुरे पडते, कारण या भागात १९३८ सालचा आखाडा हा निव्वळ हौसेचा विषय नव्हता. निजामाच्या राज्यात सभा, खाजगी शाळा आणि आखाडे यांवर शासनाचे निर्बंध होते. अशा स्थितीत तालमीतली माती अंगाला लावणे ही देखील एक प्रकारची घोषणाच होती. १९३८-३९ मध्ये स्टेट काँग्रेसचा आणि आर्य समाजाचा सत्याग्रह झाला, उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् चळवळ पेटली, आणि उदगीरचे भाई श्यामलाल यांचे १९३८ च्या डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात निधन झाले. आर्य समाजाच्या शिकवणीत ब्रह्मचर्याला केवढे स्थान आहे हे सांगावयास नको. स्वामी रामानंद तीर्थांनी तरुणपणीच ब्रह्मचर्य आणि देशसेवा यांची प्रतिज्ञा केली होती व १९३२ साली संन्यास घेतला होता. 'देशभक्त' आणि 'ब्रह्मचारी' ही दोन पदे बोलपटात हशा पिकवितात. मराठवाड्याच्या इतिहासात तीच दोन पदे एका माणसाच्या ठायी एकत्र आली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्याची परिणती १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाच्या मुक्ततेत झाली.

शिवाय या भागात कुस्ती ही आजही गंभीरपणे घेतली जाते. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची जत्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा असो, कुस्त्यांवाचून ती पुरी होत नाही. १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार हे याच लातूर जिल्ह्याचे. तालमीत मारुतीची मूर्ती असते आणि मारुती हा ब्रह्मचाऱ्यांचा मुकुटमणी मानला जातो. अशा ठिकाणी एखाद्या जाणत्या प्रेक्षकाने 'ब्रह्मचारी' पाहून भुवया उंचावल्या आणि आमच्या वडिलांनी ज्यासाठी तुरुंग सोसला त्याला तुम्ही हसता काय, असा प्रश्न केला, तर तो प्रश्न खोटा म्हणता येणार नाही. बोलपटाचा खरा कस या प्रश्नावरच लागतो.

४

या प्रश्नाचे उत्तर कथानकात सापडण्यापेक्षा भाषेत सापडते. औदुंबर ब्रह्मचारी होतो तो कशाने? कुणा ब्रह्मचाऱ्याच्या सहवासाने तो पालटत नाही, स्वतःच्या चिंतनानेही पालटत नाही. तो पालटतो व्याख्यानाने. त्याच्या व्रताचा उगम शब्दात आहे आणि पुष्कळ वेळपर्यंत त्याचा मुक्कामही शब्दातच आहे. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने आपल्या १९५५ सालच्या व्याख्यानांतून, जी पुढे १९६२ साली ग्रंथरूप झाली, असे दाखवून दिले की काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत तर कृतीच घडवून आणतात. प्रतिज्ञा, शपथ व वचन ही त्या जातीची वाक्ये होत. पण असे वाक्य फळाला येण्यास ते उच्चारणाऱ्याच्या ठायी तसा भाव आणि पुढचे तदनुरूप वर्तन लागते. ते नसेल तर शब्द उच्चारले जातात आणि कृती पोकळ राहते. औदुंबराची प्रतिज्ञा अशी पोकळ आहे. त्याने व्रत घेतलेले नाही, व्रताची भाषा घेतली आहे.

मराठवाड्याच्याच परंपरेतील एक आख्यायिका येथे आठवते. जांब येथे १६०८ साली जन्मलेले समर्थ रामदास लग्नमंडपात 'सावधान' हा शब्द ऐकताच उठून निघून गेले, असे सांगितले जाते. तेथेही एका शब्दाने माणूस ब्रह्मचारी झाला. पण तो शब्द प्रत्येक लग्नात प्रत्येक वर ऐकतो आणि तरी बोहल्यावरच उभा राहतो. ऐकणाऱ्याच्या मनाची सिद्धता होती म्हणून तो शब्द फळला. आख्यायिका आणि बोलपट एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे दोहोंतील अंतर स्पष्ट होते. समर्थांच्या बाबतीत शब्द हे निमित्त आहे. औदुंबराच्या बाबतीत शब्द हेच सर्वस्व आहे.

पात्रांच्या नावांतही ही भाषिक थट्टा चालू आहे. 'औदुंबर' या नावाला दत्तसंप्रदायाचे आणि ध्यानस्थपणाचे वलय आहे. 'जटाशंकर' म्हणजे तर कामाला जाळणारा तपस्वी शिव. 'चंडीराम' या नावात उग्रतेचा ध्वनी आहे. या सगळ्या जड, जोडाक्षरी, पुराणप्रतिष्ठित नावांच्या मेळ्यात 'किशोरी' हे हलके नाव येते. ते राधेचे एक नाव आहे, आणि तिच्या गीतातही यमुनेचे जळ आहे. शैव वैराग्याच्या शब्दकोशावर वैष्णव लीलेचा शब्दकोश मात करतो, असे या संघर्षाचे वर्णन करता येईल. 'देशभक्त' आणि 'आचार्य' या उपपदांचा वापरही लक्षात घेण्याजोगा आहे. त्या काळी ही उपपदे नावाचाच भाग होऊन बसली होती. अर्थ झिजून केवळ मानाचा ठसा उरला होता. ज्या लेखकाने 'आचार्य' या पदाची अशी मौज केली त्यालाच महाराष्ट्राने पुढे आचार्य अत्रे म्हणून ओळखावे, हा भाषेने लेखकावर उगविलेला सूड म्हणावा लागेल. खुद्द 'ब्रह्मचारी' या शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. ब्रह्माचे, म्हणजे वेदाचे आचरण करणारा विद्यार्थी या अर्थापासून निघालेला हा शब्द व्यवहारात 'अविवाहित पुरुष' एवढ्यावर येऊन ठेपला. औदुंबर या दोन अर्थांच्या मधल्या जागेत अडकला आहे आणि विनोदाचे मूळ त्या अडकण्यात आहे.

अभिनवगुप्तांनी हास्याच्या चर्चेत एक मार्मिक विचार मांडला आहे. कोणत्याही रसाचा आभास हा हास्याचे कारण होऊ शकतो आणि शांतरसाचा आभास हाही त्याला अपवाद नाही. असा आभास प्रहसनात शोभतो. 'ब्रह्मचारी'चे वर्गीकरण या एका सूत्राने होते. हे आधुनिक प्रहसन आहे आणि त्याचा विषय शांत नसून शांताभास आहे. सातव्या शतकातील महेंद्रवर्म्याच्या 'मत्तविलास' प्रहसनात मद्यपी कापालिकाची जी गत होते तीच येथे जटाशंकरांच्या श्रोत्याची होते. वैराग्याचा वेष हसण्याजोगा ठरला म्हणून वैराग्य हास्यास्पद होत नाही.

५

तथापि हे उत्तर पुरे नाही. प्रहसनात आभास दाखवावयाचा असेल तर ज्याचा तो आभास आहे ती मूळ वस्तू प्रेक्षकाला कुठून तरी ठाऊक असावी लागते. बोलपटात ती नाही. त्यात खरा ब्रह्मचारी एकही नाही. आहेत ते सारे बोलके. त्यामुळे सगळेच व्रत ढोंग असते, असा समज करून घेण्यास तो वाव देतो. रचनेचा हा सर्वांत मोठा दोष होय. आश्चर्य असे की मराठवाड्यातील प्रेक्षकाच्या बाबतीत हा दोष बऱ्याच अंशी भरून निघतो. बोलपटाने न दाखविलेला खरा व्रती त्याच्या स्मरणात असतो. अस्सल नाणे हाताळलेल्या माणसालाच खोट्या नाण्याचा आवाज ऐकून हसू येते. म्हणून व्रताचा इतिहास हा या भागातील प्रेक्षकाच्या हसण्याच्या आड येण्याचे कारण नाही. उलट त्याच्या हसण्याला त्यामुळे अर्थ येतो. वरच्या प्रकरणातील आक्षेपकाला द्यावयाचे उत्तर हेच होय.

इतर दोषांचा विचार करताना संस्कृत साहित्यशास्त्रातील नित्य आणि अनित्य दोष हा भेद उपयोगी पडतो. मम्मटाने ग्राम्यता हा दोष मानला, पण हलक्या प्रकृतीच्या पात्राच्या तोंडी तोच गुण ठरतो असेही सांगितले. 'ब्रह्मचारी'तील पुष्कळशी ग्राम्यता या सवलतीत बसते. संवादांचा पसरटपणा, रंगभूमीवरून आलेला ठसठशीत उच्चार आणि अतिरेकी हावभाव यांनी आजचा प्रेक्षक प्रथम अवघडतो. पण व्याख्यानबाजीची थट्टा करणाऱ्या कृतीत बोलणे जरा जास्त असणे हे प्रकृतीला धरूनच आहे. अश्लीलतेचे म्हणाल तर ज्या पोशाखाने १९३८ साली खळबळ उडविली तो आज कुणाच्या ध्यानातही राहणार नाही. अश्लीलता ही शब्दात किंवा वस्त्रात नसून पाहणाऱ्या समाजाच्या साहचर्यांत असते आणि ती साहचर्ये बदलली की दोष आपोआप गळून पडतो, याचा हा उत्तम दाखला आहे.

परंतु काळाने काही दोष पुसले तसे काही ठळकही केले. दामुअण्णा मालवणकर या गुणी नटाच्या चकण्या डोळ्यांवर त्या काळी सर्रास हशा मिळविला जाई. भरताने हास्याच्या विभावांत व्यंगदर्शनाची गणना केली आहे हे खरे. पण शास्त्रात नोंद असणे आणि आजच्या रसिकाला ते रुचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. याहून गंभीर दोष किशोरीच्या रेखाटनात आहे. औदुंबराला निदान मोडण्यापुरता तरी निश्चय दिला आहे. किशोरीला स्वतःचा असा कोणताच संकल्प नाही. तिला काय हवे हा प्रश्न कृतीला पडतच नाही. पुरुषाच्या व्रताची कसोटी पाहणारे साधन एवढेच तिचे प्रयोजन आहे. कोणत्याही संदर्भाने हा दोष गुण होत नाही. तो नित्य दोष म्हणूनच नोंदला पाहिजे.

आणि तरीही याच सदोष रेखाटनात बोलपटाचा सर्वांत जिवंत क्षण आहे. 'व्यायाम' आणि 'क्रीडा' हे दोन शब्द व्यवहारात जवळ जवळ नांदत असले तरी त्यांचा अर्थ एक नाही. व्यायामात श्रम आहे व त्या श्रमाला पुढचे प्रयोजन आहे. क्रीडेचे प्रयोजन क्रीडेतच संपते. औदुंबर आणि त्याचे गुरुबंधू व्यायाम करतात तो राष्ट्रासाठी, व्रतासाठी, वीर्यरक्षणासाठी. बलोपासनेच्या या बोलपटात खऱ्या अर्थाने खेळते ती एकटी किशोरी. पाण्यात तिचे शरीर कोणत्याही उपदेशाचे ओझे वाहत नाही. लेखकाने तिला आमिष म्हणून आणले. पडद्यावर ती त्या योजनेपेक्षा मोठी झाली. मीनाक्षी शिरोडकर यांचा सहज वावर आणि त्यांचे स्वतःचे गाणे यांचा त्यात मोठा वाटा आहे. कृतीचा दोष आणि कृतीची शोभा एकाच ठिकाणी कशी असू शकते हे येथे दिसते, आणि दोष वजा करून उरलेल्याचा आस्वाद घ्यावा ही कल्पना किती अपुरी आहे हेही.

६

विश्वनाथाने मम्मटाच्या काव्यलक्षणावर आक्षेप घेताना म्हटले आहे की निर्दोषपणाची अट घातली तर काव्य जवळजवळ नाहीसेच होईल. किडीने पोखरलेले रत्न हे रत्नच राहते, त्याची किंमत तेवढी कमी-अधिक होते. 'ब्रह्मचारी' हे फार मोठे रत्न आहे असा दावा कोणी करणार नाही. मराठी चित्रपटसृष्टीत याहून खोल, याहून सुघड कृती पुष्कळ आहेत. खुद्द अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) त्यांत आहे. पण त्याची किंमत ठरविताना छिद्रे कुठे आहेत, ती कोणी पाडली, आणि कोणती काळाने बुजवली हे पाहिले पाहिजे.

न. चिं. केळकरांनी १९२१ सालच्या बडोद्याच्या संमेलनात सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो पण स्वतःला विसरत नाही, असा तिचा भावार्थ आहे. सदोष कृतीच्या आस्वादाचे स्वरूप याहून वेगळे नाही. औदुंबराच्या फजितीत शिरलेला प्रेक्षक आपली विवेकबुद्धी प्रवेशद्वाराशी ठेवून येत नाही. नांदेडच्या किंवा लातूरच्या प्रेक्षकाला तर आपला इतिहासही बाहेर ठेवण्याचे कारण नाही. एका बाजूला आखाड्यासाठी परवाने मागणाऱ्या पिढीची आठवण आणि दुसऱ्या बाजूला व्याख्यान ऐकून रातोरात ब्रह्मचारी झालेला औदुंबर, या दोहोंना एकदम मनात जागा देता आली म्हणजे हसण्याने कोणाचाही अवमान होत नाही. स्वामी रामानंद तीर्थांनी प्रतिज्ञेचा शब्द जन्मभर पाळला. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या अभ्यासकाने पोकळ शब्दाला हसावयास शिकणे, हे त्या पाळलेल्या शब्दाशी विसंगत नाही.